कॅनडाच्या रिकाम्या जागेचा हिशेब

कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांना मर्यादा घातली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २०२५ साठीचं कायम वास्तव्याचं लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. तेव्हापासून मुलं तिकडे शिकायला गेलेल्या किंवा जायच्या तयारीत असलेल्या मराठी घरांमध्ये एक वाद हमखास निघतो. एक बाजू नकाशा पुढे करते. ९९ लाख ८० हजार चौरस किलोमीटरचा देश, भारताच्या तिप्पट, आणि माणसं जेमतेम ४ कोटी १० लाख, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्मीसुद्धा नाहीत. एवढी जागा पडून असताना दार लावून घेणं हा निव्वळ आपमतलबीपणा, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला, तिकडे आधी जाऊन स्थिरावलेल्यांपैकीही काहीजण म्हणतात की नव्या लोंढ्यानेच घरं महाग केली, आता बंदीच हवी. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि एकाच ठिकाणी चुकतात. दोघांनाही कॅनडा ही एक मोठी खोली वाटते. भांडण ती भरलीय की रिकामी एवढ्यापुरतंच. माझं म्हणणं असं की क्षेत्रफळ हा या वादातला निरुपयोगी आकडा आहे. माणूस राहतो तो नळ, सांडपाण्याची वाहिनी, रस्ता, दवाखाना आणि बांधकामाची परवानगी पोचलेल्या तुकड्यावर. कॅनडात असा तुकडा तयार करणं निसर्गाने फार महाग करून ठेवलंय, आणि तो तयार करण्याचा अधिकार तीन पातळ्यांवरच्या सरकारांत अशा रीतीने वाटला गेलाय की माणसं बोलावणारा एक, त्यांच्या फीवर चालणारा दुसरा आणि घराला परवानगी देणारा तिसरा. तुटवडा आहे तो या तिघांच्या मेळाचा.

आधी जमीन. ९९ लाख ८० हजारांतले जवळपास ९ लाख चौरस किलोमीटर गोडं पाणीच आहे. उरलेल्यातला जवळजवळ निम्मा भाग कॅनेडियन शील्ड या अतिप्राचीन खडकाने व्यापलेला. हिमयुगातल्या बर्फाच्या थराने या खडकावरची माती खरवडून दक्षिणेकडे लोटली. मागे राहिले उघडे दगड, लाखो तळी आणि दलदल. देशाच्या निम्म्याच्या आसपास जमिनीखाली कायम गोठलेला थर कुठे सलग, कुठे तुटक पसरलाय. शेतीखाली आहे ती जेमतेम ७ टक्के, आणि त्यातही पहिल्या प्रतीची, कोणतंही पीक निघेल अशी जमीन देशाच्या अर्ध्या टक्क्याएवढी. तिच्यातली निम्म्याहून अधिक दक्षिण ओंटारियोत. स्वच्छ दिवशी टोरांटोच्या सीएन टॉवरवरून देशातल्या सर्वोत्तम शेतजमिनीचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग नजरेच्या टप्प्यात येतो, असं तिथल्या सांख्यिकी खात्यानेच एकदा लिहून ठेवलंय. म्हणजे सगळ्यात मोठं शहर आणि सगळ्यात चांगली माती एकाच जागेसाठी भांडतात. दर तीन कॅनडावासीयांतले दोन अमेरिकेच्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या आत राहतात, आणि विंडसर ते क्वेबेक शहर या सुमारे ११५० किलोमीटरच्या पट्ट्यात निम्मा देश राहतो. राहता कॅनडा म्हणजे सीमेला समांतर ओढलेली दोरी आहे, आणि तीही मध्ये मध्ये तुटत आलेली.

किती बारीक आहे ही दोरी? सुपीरियर सरोवराच्या उत्तरेला निपिगॉन नावाची नदी आहे. ओंटारियोतले पूर्व-पश्चिम जाणारे दोन महामार्ग, ११ आणि १७ क्रमांकाचे, इथे येऊन एक होतात आणि एकाच पुलावरून नदी ओलांडतात. १० जानेवारी २०१६ रोजी कडाक्याच्या थंडीत, उद्घाटनाला दीड महिनाही झाला नसताना, या नव्या केबल-पुलाचा पश्चिम टोकाकडचा रस्ता सुमारे ६० सेंटिमीटर वर उचलला गेला. केबलने ताणलेल्या पुलावर टोकाचा भाग वरच्या दिशेने ओढला जातो, म्हणून तो खाली धरून ठेवायला बेअरिंग आणि बोल्ट असतात. चौकशीत निघालं ते असं: बेअरिंगला जेवढं फिरता यायला हवं तेवढं फिरता येत नव्हतं, तुळईखालच्या आधारपट्टीच्या रचनेत दोष होता आणि बोल्ट नीट आवळलेले नव्हते, ते एकामागून एक तुटले. काँक्रीटचे ठोकळे वजन म्हणून ठेवून दुसऱ्या दिवशी एक मार्गिका सुरू झाली. पण त्या मधल्या वेळात जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या देशात पूर्वेकडून पश्चिमेकडे मोटारीने जायचं तर अमेरिकेतून वळसा घेण्यावाचून मार्ग नव्हता. मूठभर बोल्ट तुटले आणि देशाचे रस्त्याने दोन तुकडे झाले!

पश्चिमेला हेच दुसऱ्या रूपात घडलं. नोव्हेंबर २०२१ च्या अतिवृष्टीत ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रेझर नदीच्या परिसरातले महामार्ग आणि दोन्ही रेल्वे कंपन्यांचे मार्ग वाहून गेले. व्हँकूव्हर, देशाचं सर्वांत मोठं बंदर, उरलेल्या कॅनडापासून जमिनीमार्गे तुटलं. आपल्या वाण्याकडे मिळणाऱ्या मसुरीतला मोठा वाटा सस्कॅचेवानच्या शेतांतून येतो. ती मसूर आधी दीडेक हजार किलोमीटर रेल्वेने रॉकी पर्वत ओलांडून या बंदराला पोचते, मग जहाजात चढते. तिला दुसऱ्या वाटा फार थोड्या आहेत. भरपूर पिकवणारी जमीन आणि ती विकायची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कॅनडाला दुसरीची ददात कायमची.

यावरचा सगळ्यात भक्कम आक्षेप रशियाचा दाखला देऊन घेतला जातो आणि तो हलका नाही. याकुत्स्क गोठलेल्या जमिनीवर उभं आहे आणि तिथे साडेतीन लाख माणसं राहतात. नोरिल्स्क उत्तर ध्रुववृत्ताच्या आत आहे, पावणेदोन लाख वस्तीचं. खांब खोलवर गोठलेल्या थरात रोवायचे, इमारत जमिनीपासून वर उचलायची, म्हणजे घराची ऊब खालचा बर्फ वितळवत नाही. हे तंत्र दोन्ही देशांना ठाऊक आहे. मग रशियाला जमलं ते कॅनडाला का नाही? कारण ती वस्ती कशी झाली हे दाखला देणारे सांगत नाहीत. नोरिल्स्क बांधलं गुलागच्या, म्हणजे सोव्हिएत सक्तमजुरीच्या छावण्यांतल्या, कैद्यांनी. पुढे जादा पगार, लवकर निवृत्ती आणि सरकारी रसद यांच्या जोरावर उत्तरेकडे माणसं ठेवली गेली. तो आधार १९९१ नंतर सुटला आणि चुकोत्का प्रांत, जिथे १९८९ मध्ये १ लाख ६० हजारांच्या आसपास लोक होते, २०२१ च्या जनगणनेत ५० हजारांच्याही आत आला. माणसांना निवड मिळाली तेव्हा त्यांनी काय निवडलं, हे याहून स्पष्ट कसं सांगणार? मतदारांना उत्तर देणाऱ्या सरकारला कैद्यांच्या घामावर शहर उभारता येत नाही, आणि येऊही नये.

शिवाय कॅनडाने स्वतः हा प्रयोग केलेला आहे, एकदा नाही, दोनदा. जॉन पॅलिसरच्या ब्रिटिश मोहिमेने १८५७ ते १८६० मध्ये पाहणी करून सांगितलं होतं की पश्चिम कॅनडातला दक्षिणेकडचा गवताळ त्रिकोण शेतीला फार कोरडा आहे. तरी १८७२ च्या कायद्याने १६० एकर जमीन १० डॉलर नोंदणी फीत देऊ केली गेली. अट एवढीच, की तीन वर्षं तिथे राहायचं, काही जमीन नांगरायची, घर बांधायचं. युरोपभर जाहिराती झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाऊस बरा होता म्हणून गावं उठली. मग १९३० च्या दशकातला दुष्काळ आला, माती वाऱ्यावर उडाली आणि १९३१ ते १९४१ या काळात सुमारे अडीच लाख माणसं त्या गवताळ प्रांतांमधून निघून गेली. दुसरा प्रयोग फारसा कुणाला माहीत नाही. १९१७ मध्ये ओंटारियो सरकारने पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना उत्तरेकडच्या चिकणमातीच्या पट्ट्यात, कापुस्कासिंगला, जमिनी दिल्या. माती वाईट नव्हती. पण जंगल तोडून शेत काढायला लागणारा काळ, उन्हाळ्यातही अवचित पडणारं, पीक गोठवणारं दहिवर आणि माल विकायला जवळ बाजार नसणं, या तिन्हींनी मिळून १९२० पर्यंत बहुतेक सैनिकांना परत पाठवलं. त्यांच्यात जिद्द कमी होती असं म्हणायची कुणाची छाती आहे? ते खंदकांतून आलेले लोक होते. नकाशावर रंगवलेला पट्टा पाहून माणसं पाठवली गेली आणि नकाशाची चूक माणसांनी भोगली.

आता हवामान तापतंय, उत्तर मोकळी होईल, असं हल्ली ऐकू येतं. तापमान उत्तरेला सरकेल, माती सरकणार नाही. खडकावर गहू पिकत नाही. उलट आज जी थोडी वाहतूक चालते ती थंडीच्या जिवावरच चालते. यलोनाइफजवळून हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारा सुमारे ४०० किलोमीटरचा हिवाळी रस्ता बहुतांशी गोठलेल्या तळ्यांवरून जातो. बर्फ सुमारे ७० सेंटिमीटर झाला की हलकी वाहनं सोडतात, पूर्ण भरलेल्या टँकरना एक मीटरहून जास्त जाडी लागते. भरलेल्या ट्रकने ताशी २५ किलोमीटरची मर्यादा ओलांडायची नाही. कारण चाकांच्या वजनाने बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते, आणि ट्रक वेगात असला तर ती लाट काठाजवळ बर्फ फोडते. हा रस्ता वर्षातून दोनेक महिने चालतो. २००६ चा हिवाळा उबदार गेला, रस्ता लवकर बंद झाला आणि खाणींना डिझेलसकट माल विमानाने न्यावा लागला. गोठलेली जमीन वितळली की ती सुपीक होत नाही, खचते. २०२० मध्ये नोरिल्स्कजवळ आधार खचून डिझेलची टाकी फुटली आणि सुमारे २० हजार टन तेल जमिनीवर आणि नद्यांत पसरलं.

नुनाव्हुत हा प्रदेश २० लाख चौरस किलोमीटरहून मोठा आहे. लोक ४० हजारांच्या आसपास, २५ वस्त्यांमध्ये विखुरलेले. बाहेरून तिथे जाणारा एकही रस्ता नाही, एका वस्तीतून दुसरीतही नाही. सिमेंट, मोटारी, वर्षभराचा शिधा समुद्र मोकळा असतो त्या उन्हाळ्याच्या तीन-चार महिन्यांत जहाजाने येतो. राजधानी इकालुइतला २०२३ पर्यंत खोल पाण्याचा धक्काच नव्हता. भरती-ओहोटीत दहा मीटरहून जास्त फरक पडणाऱ्या खाडीत जहाज नांगरून माल पडावांवर उतरवायचा आणि भरतीची वेळ साधून किनाऱ्याला लावायचा, अशी रीत होती. खिडकीची एक काच मागवायची राहिली तर पुढच्या हंगामाची वाट पाहा किंवा विमानाचं भाडं भरा. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या पिण्याच्या पाण्यात इंधन मिसळल्याचं आढळलं आणि साडेसात हजार लोकांच्या या राजधानीला जवळपास दोन महिने नळाचं पाणी प्यायला मनाई होती. इथे नवं शहर वसवा म्हणणाऱ्याने एका घराचा खर्च तरी मांडून दाखवावा.

आणि 'पडून असलेली' जागा कुणाची, हेही विचारायला हवं. १९९३ च्या नुनाव्हुत करारानुसार इन्युइट लोकांकडे सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमिनीची मालकी आली. संपूर्ण महाराष्ट्र तीन लाखांच्या किंचित वर आहे, एवढं सांगितलं की अंदाज येईल. ब्रिटिश कोलंबियात बहुतेक जमिनीबद्दल मूळ रहिवाशांशी कधी तहच झाले नव्हते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिल्कोतिन लोकांचा सुमारे १७५० चौरस किलोमीटरवरचा हक्क मान्य केला. विरळ वस्ती म्हणजे बेवारस जमीन, हा समज वसाहतवाद्यांचा होता. आपल्याकडे इंग्रजांनी गायरानं आणि वनजमिनी 'पडीक' म्हणून नोंदवल्या तेव्हा त्याची किंमत आदिवासींनी आणि गुराख्यांनी मोजली. तोच शब्द आपण दुसऱ्याच्या देशाबद्दल इतक्या सहज कसा वापरतो?

आता घरांकडे आणि सरकारांकडे वळतो, कारण खरा गुंता तिथे आहे. १८६७ च्या संविधानाने जमीन, खाणी, जंगलं प्रांतांकडे ठेवली. पश्चिमेच्या गवताळ प्रांतांना ती १९३० मध्ये मिळाली. देशाची ८९ टक्के जमीन सरकारी आहे, पण तिच्यातला संघ सरकारचा वाटा बहुतांश उत्तरेच्या तीन प्रदेशांत, म्हणजे जिथे कुणी राहायला जात नाही तिथे. राहण्याजोग्या दक्षिणेत ओटावाच्या, म्हणजे संघ सरकारच्या, हाती जमीन फारशी नाही. शिक्षण प्रांताचं. नगरपालिका प्रांताच्या कायद्याने जन्माला आलेल्या, आणि कुठल्या गल्लीत किती मजली बांधायचं हे त्या ठरवतात. व्हिसा मात्र संघ सरकार देतं. आता या यंत्रात विद्यार्थी टाकून पाहा. ओंटारियो सरकारने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कमी केली आणि मग गोठवली, पण कॉलेजांचं अनुदान त्या प्रमाणात वाढवलं नाही. कॉलेजांनी ती तूट परदेशी विद्यार्थ्यांच्या कैकपट फीने भरून काढली. परदेशी विद्यार्थी घेण्यास कोणती कॉलेजं पात्र, ती यादी प्रांत ठरवतात. संघ सरकार अर्ज मंजूर करत गेलं, कारण संख्येला वरची मर्यादाच नव्हती. उत्तर ओंटारियोतल्या छोट्या गावांमधली सरकारी कॉलेजं तर खासगी भागीदारामार्फत टोरांटो परिसरात शाखा चालवू लागली. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. मोकळ्या उत्तरेतल्या कॉलेजनेच आपले विद्यार्थी गर्दीच्या दक्षिणेत ठेवले, कारण नोकरी, बस आणि भाड्याची खोली, जशी असेल तशी, तिथेच होती.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं इथे मान्य करायला हवं, आणि ते पुरतं मान्य करतो. २०२३ या एका वर्षात कॅनडाची लोकसंख्या पावणेतेरा लाखांच्या आसपास वाढली. ३.२ टक्के वाढ, १९५७ नंतरची सर्वांत मोठी, आणि तिच्यातला मोठा भाग तात्पुरत्या परवान्यांवरच्या माणसांचा. त्याच वर्षी बांधायला घेतलेली घरं २ लाख ४० हजार. एका घरात अडीच माणसं धरली तरी सहा लाखांची सोय होते, उरलेल्यांचं काय? भाडी वाढणारच होती, आणि वाढली. तळघरातल्या एकेका खोलीत चार-चार मुलं राहिली. त्यांना फसवून आणणाऱ्या दलालांवर आपण बोललो तेवढं त्यांच्या फीवर ताळेबंद जुळवणाऱ्या व्यवस्थेवर बोललो नाही. संख्या आवरणं गरजेचं होतं. पण त्यावरून 'बाहेरच्यांमुळे घरं महाग झाली' हा निष्कर्ष निघत नाही. १९७६ मध्ये लोकसंख्या २ कोटी ३० लाख असताना कॅनडाने २ लाख ७३ हजार घरं बांधायला घेतली होती. आज लोकसंख्या पावणेदोन पटीहून जास्त आहे, यंत्रं चांगली आहेत, देश श्रीमंत आहे, आणि आकडा तेवढाच किंवा कमीच. मधल्या काळात काय झालं? संघ सरकारने १९९३ नंतर नवी सार्वजनिक घरं बांधण्यातून अंग काढून घेतलं आणि पुढे ती जबाबदारी बव्हंशी प्रांतांवर गेली. टोरांटोत निवासी जमिनीच्या बहुतांश भागावर एका भूखंडावर एकच स्वतंत्र घर असा नियम दशकानुदशकं राहिला. एका भूखंडावर चार घरांना सरसकट परवानगी मिळाली ती मे २०२३ मध्ये. ब्रिटिश कोलंबियाने तसा कायदा करायलाही २०२३ चं वर्षअखेर उजाडलं. आपल्याकडे शेतजमीन एनए करून घेताना आणि एफएसआयच्या फायलींमागे फिरताना ज्यांचे जोडे झिजलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको: सातबाऱ्यावरची जमीन आणि घर बांधता येणारी जमीन यांच्यात एक कचेरी बसलेली असते.

शहर आडवं पसरवू द्या, हा उपायही करून पाहिला गेला. टोरांटोभोवती २००५ मध्ये २० लाख एकरांच्या आसपासचा हरितपट्टा राखून ठेवला होता. २०२२ मध्ये प्रांत सरकारने त्यातली ७४०० एकर जमीन घरांसाठी मोकळी केली. ती निवडताना काही मोजक्या विकासकांना झुकतं माप मिळालं असा ठपका प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी ठेवला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. या प्रकरणात भ्रष्टाचाराची चर्चा फार झाली, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की घरांच्या उद्दिष्टांसाठी या जमिनीची गरज नव्हती, असं प्रांतानेच नेमलेल्या तज्ज्ञगटाने आधीच सांगितलं होतं. आत, जिथे पाणी, गटार, मेट्रो सगळं आधीच पोचलंय, तिथे दोन मजल्यांचे चार मजले करायला विरोध. आणि बाहेर, जिथे देशातली सर्वांत चांगली माती आहे, तिथे नवे रस्ते-गटारं टाकायची तयारी. टोरांटोत पाया जमीन गोठते त्या पातळीच्या खाली, साधारण १.२ मीटर खोल न्यावा लागतो, पाण्याची वाहिनीही त्याखाली. विनिपेगला त्याहून बरंच खोल. वाहिनीचा प्रत्येक जादा मीटर खणायचा, पुरायचा आणि पुढची पन्नास वर्षं सांभाळायचा असतो. विरळ घरांच्या वसाहतीत तो खर्च थोड्या घरांवर वाटला जातो, आणि म्हणून पसरणं स्वस्त वाटलं तरी पडत नाही.

अर्थव्यवस्थेतही हाच घोळ वेगळ्या कपड्यांत दिसतो. तेलाचे एवढे साठे असताना देश सगळा माल एकट्या अमेरिकेला का विकतो, असं विचारलं जातं. २०२४ मध्ये मालाच्या निर्यातीतला तीन चतुर्थांश वाटा अमेरिकेकडे गेला हे खरं आहे, आणि २०२५ मध्ये आयातशुल्काचा बडगा उगारला गेला तेव्हा ते किती धोक्याचं आहे हेही दिसलं. पण भूगोल उत्तर-दक्षिण चालतो. पूर्व-पश्चिम जे काही आहे ते राजकीय इच्छेने, भूगोलाच्या विरोधात बांधलेलं आहे. १८७१ मध्ये ब्रिटिश कोलंबिया संघात आलं ते दहा वर्षांत रेल्वे देण्याच्या वचनावर. शेवटचा खिळा ७ नोव्हेंबर १८८५ ला ठोकला गेला, आणि त्यासाठी कंपनीला अडीच कोटी डॉलर आणि अडीच कोटी एकर जमीन द्यावी लागली. सुपीरियरच्या उत्तरेचा खडक-दलदलीचा टप्पा टाळून अमेरिकेतून जा, हा सल्ला तेव्हाही होता. १९५६ मध्ये वायूची वाहिनी संपूर्ण कॅनडातूनच न्यायची ठरली तेव्हा उत्तर ओंटारियोचा तोट्याचा टप्पा सरकारला स्वतः बांधावा लागला, संसदेत चर्चा आवरती घेतल्यावरून गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी २२ वर्षं सत्तेत असलेला पक्ष हरला. तेलाच्या वेळी सोपी वाट धरली गेली: पश्चिमेचं तेल ओंटारियोतल्या सार्नियाला पोचतं ते १९५३ च्या पाचव्या क्रमांकाच्या वाहिनीने, विस्कॉन्सिन आणि मिशिगनमधून. मिशिगनच्या राज्यपालांनी २०२० मध्ये ती बंद करायचा आदेश काढला तेव्हा कॅनडाला अमेरिकेशी वाहिन्यांबाबत झालेला १९७७ चा तह बाहेर काढावा लागला. आणि प्रशांत महासागराकडे जाणारी ट्रान्स माउंटन वाहिनी? सरकारने २०१८ मध्ये ४५० कोटी डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी मूळ रहिवाशांशी सल्लामसलत अपुरी झाल्याने न्यायालयाने विस्ताराची मंजुरी रद्द केली. मग डोंगर, पूर, महागाई. मे २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा क्षमता दिवसाला ३ लाखांवरून ८ लाख ९० हजार पिंपांवर गेली होती आणि खर्च ३४०० कोटी डॉलरच्या घरात.

मग सगळे अधिकार ओटावाकडेच का देऊन टाकू नयेत? हा प्रश्न गंभीरपणे विचारला जातो आणि त्यात तथ्य आहे. न्यू ब्रन्सविकमधल्या एका निवृत्त गृहस्थाने शेजारच्या क्वेबेकमधून स्वस्त बिअर गाडीत घालून आणली म्हणून २९२ डॉलर ५० सेंट दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१८ मध्ये न्यायालयाने प्रांताची बाजू घेतली. शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी देशव्यापी एकच संस्था आजही नाही, तेरा आहेत. हे दुबळेपणाचं लक्षण वाटतं. पण १९८० मध्ये संघ सरकारने तेलाच्या दरावर आणि महसुलावर ताबा आणणारं राष्ट्रीय ऊर्जा धोरण लादलं त्याचा राग तेल काढणाऱ्या अल्बर्टात अजून धुमसतो, आणि १९९५ च्या सार्वमतात क्वेबेक कॅनडात राहिलं ते ५०.५८ टक्क्यांवर. एवढ्याशा फरकाने टिकलेला देश प्रांतांचे अधिकार हिसकावून घेऊ शकत नाही. अधिकारांची वाटणी ही या देशाच्या अस्तित्वाची अट आहे. तिच्या आत राहून एक गोष्ट मात्र करता येते, आणि तीच २०२४ च्या निर्णयात दडलेली आहे, जिच्याकडे आपल्या वादात कुणी पाहिलं नाही.

ती गोष्ट म्हणजे प्रांताचं पत्र. त्या जानेवारीपासून बहुतेक विद्यार्थ्यांच्या अर्जाला प्रांताने दिलेलं शिफारसपत्र जोडावं लागतं. संघ सरकार प्रांतांना लोकसंख्येनुसार कोटा देतं, प्रांत तो कॉलेजांत वाटतो. खासगी भागीदारीतल्या त्या शाखांमधून शिकलेल्यांचा पदवीनंतरचा कामाचा परवाना बंद झाला. हाताशी दाखवायची रक्कम त्या वर्षी १० हजारांवरून २० हजार ६३५ डॉलर झाली. आपल्याकडे या सगळ्याची बातमी 'दार बंद' अशी झाली, पण पहिल्या नियमात वेगळं काही आहे: मुलगा आला तर तो आमच्या संमतीने आला, असं क्वेबेक सोडून बाकीच्या प्रांतांना पहिल्यांदा लिहून द्यावं लागतंय. ही साखळी अर्धीच आहे. पत्र देताना कॉलेजकडे वसतिगृहाच्या किती खाटा आहेत हे प्रांताने तपासावं, आणि ज्या नगरपालिकेत कॉलेज आहे तिने त्या भागात चार-सहा घरांच्या इमारतींना वेगळी सुनावणी न घेता परवानगी द्यावी, तरच कोटा वाढावा, एवढी अट घातली तर जास्त माणसंही घेता येतील आणि भाडीही आवरतील. कॅनडाच्या गृहनिर्माण महामंडळाने २०३० पर्यंत नेहमीपेक्षा ३५ लाख जास्त घरं लागतील असा अंदाज केला होता. बांधणारे हात लागणारच आहेत. सुतार, प्लंबर, वीजतंत्री यांना बाहेरून बोलवावंच लागेल. इकडे पालकांनीही कॉलेजचं नाव विचारण्याआधी शहर कोणतं, शाखा नेमकी कुठे, वसतिगृहात खाट लेखी मिळते का, हे विचारायला हवं. देश केवढा मोठा आहे याने त्या खाटेला काही फरक पडत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ सरकारने टोरांटो ते क्वेबेक शहर अशी सुमारे १००० किलोमीटरची वेगवान रेल्वे जाहीर केली, ताशी ३०० किलोमीटर वेगाची. एवढ्या मोठ्या देशाने आपली सर्वांत मोठी रेल्वे पुन्हा त्याच दोरीवर टाकायचं ठरवलं, आणि ते योग्यच आहे. वाटेत पीटरबरो नावाचं लहानसं शहर आहे. तिथून टोरांटो तासाभराच्या आत आलं तर हजारो कुटुंबं तिथे राहू शकतील. गाडी ओटावाच्या पैशाने धावेल. पण स्थानकापासून चालत दहा मिनिटांवरच्या गल्ल्यांत चार मजले बांधायचे की एकच स्वतंत्र घर, हे पीटरबरोची नगरपालिका ओंटारियोच्या कायद्याखाली ठरवणार, आणि तो निर्णय रूळ पडण्याआधी घ्यावा लागणार आहे.